आजोबांची गाडी नक्की कुठली? आधी ओळख, मग रंग

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एक गोष्ट सारखी दिसतेय. गाडी वारसाने आलीये, वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी आहे, आणि घरात सगळ्यांना घाई झालीये ती रंगाची. लाल करू का काळी, सीटला कुठलं रेक्झिन, क्रोम कुठे करून मिळेल. पण गाडी नक्की कुठली, कुठल्या सालची, तिच्यात मूळचं काय उरलंय हे अजून कोणी नीट बघितलेलंच नाही. म्हणून या वेळची सगळी जागा या प्रश्नांनाच देतोय. पत्रं लांब होती, थोडी छाटलीत.

प्रश्न (सातारा जिल्हा): आजोबांची फियाट गावच्या घरी गोठ्याशेजारच्या खोलीत पडून आहे. वडील म्हणतात १९५४ ची, काका म्हणतात पद्मिनीच आहे फक्त जुनी, आणि आरसी बुकात १९६२ लिहिलंय. पुढचे दरवाजे उलटे उघडतात. बुकातला इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळत नाही. डॅशबोर्ड पण काका म्हणतात पद्मिनीचा आहे. डेंटर म्हणतो पंधरा दिवसांत सगळा रंग काढून पत्रा मोकळा करून देतो, त्याला ॲडव्हान्स दिलाय. काम सुरू करू का?

उत्तर: नाही, इतक्यात नका करू. डेंटरला आजच फोन करा, ॲडव्हान्स राहू दे त्याच्याकडे पण पॉलिशपेपरसुद्धा लावू नको म्हणावं. का ते सांगतो.

पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला आणि हँडल पुढे, या एका वाक्यात तुमचा अर्धा प्रश्न सुटतो. ही पद्मिनी नाही. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने (वालचंद हिराचंदांची कंपनी, १९४४ ची) फियाटचं ११०० मॉडेल १९५४ पासून बनवायला घेतलं, आणि त्या पहिल्या पिढीच्या सगळ्या गाड्यांचे पुढचे दरवाजे असेच उलटे होते. सुरुवातीची मिलेचेंतो, मग साधारण १९५७ च्या सुमाराला एलिगंट, नंतर सिलेक्ट, आणि साठीच्या सुरुवातीला सुपर सिलेक्ट. आपल्याकडे ज्याला लोक प्रेमाने डुक्कर फियाट म्हणतात ती हीच. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली तिचे दरवाजे सरळ झाले, बॉडी चौकोनी झाली, आणि तीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने अगदी २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. काकांना पद्मिनी वाटणं साहजिक आहे कारण आत बसलं की समोर पद्मिनीचा डॅशबोर्ड दिसतो, पण डॅशबोर्ड बदलता येतो, दरवाजाची बिजागरी कोणी बदलत बसत नाही.

आता १९५४ का १९६२. मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. सुरुवातीच्या मिलेचेंतोचा मागचा भाग गोलसर उतरता होता, नंतरच्या गाड्यांना मागच्या मडगार्डवर छोट्या फिन (माशाच्या परासारख्या उभ्या कडा) आल्या आणि डिकी मोठी झाली. फिन असतील तर १९५४ विसरा. आरसीतलं १९६२ आणि फिनवाली बॉडी हे दोन्ही एकमेकांशी जुळतं आणि सुपर सिलेक्टकडे बोट दाखवतं. मागचा भाग गोल निघाला तर मात्र प्रकरण वेगळं, मग १९६२ ही मूळ नोंदणी नसून दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या मालकाकडे गेल्यावरची नोंदणी असू शकते, आणि वडील बरोबर ठरू शकतात. वर्षं मी साधारण सांगतोय, मॉडेल बदलताना जुने भाग संपेपर्यंत वापरले जायचे त्यामुळे मधलीच एखादी गाडी दोन्हीकडची लक्षणं घेऊन निघाली तर दचकू नका.

नंबरप्लेटपण बघा, आणि आताची नाही, सगळ्यात जुनी जी सापडेल ती. बी-एम ने सुरू होणारा तीन अक्षरी नंबर म्हणजे मुंबई राज्याच्या काळातला. एम-आर वगैरे म्हणजे १ मे १९६० नंतर महाराष्ट्र झाल्यावरचा. आणि एमएच आणि पुढे आकडा ही पद्धत १९८९ पासूनची. तुमच्या बुकात १९६२ आणि नंबर जर बी-एम असेल तर ती गाडी आधीच कुठेतरी नोंदलेली होती हे उघड आहे.

जुनी प्लेट कुठे सापडणार म्हणाल तर घरातल्या अल्बममध्ये. खरंच सांगतो, लग्नाचे फोटो, नवं जोडपं जेजुरीला गेलं तेव्हाचा फोटो, दसऱ्याला गाडीला हार घातलेला फोटो, हे सगळे काढा आणि भिंग घेऊन बसा. नंबर दिसतो, पुढची जाळी दिसते, हबकॅप दिसतात, दोन रंगांची होती का एका रंगाची ते ब्लॅक अँड व्हाइटमध्येसुद्धा कळतं. शिवाय आजोबांकडे १९५४ साली खरंच एक फियाट असेल आणि ती विकून ही घेतली असेल, आणि दोन गाड्यांच्या आठवणी घरात एक होऊन गेल्या असतील, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. वडिलांशी वाद न घालता फोटो समोर ठेवून विचारा, त्यांना बरंच आठवेल. जुन्या टॅक्सच्या पावत्या, विम्याचे कागद, गॅरेजची बिलं, काही टाकू नका. ट्रंकेतल्या फाटक्या कागदावर चेसिस नंबर लिहिलेला सापडतो.

आता नंबरांचं. इंजिन नंबर जुळत नाही म्हणून लगेच घाबरू नका, या गाड्यांमध्ये हे फार कॉमन आहे. डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंत इंजिन मुळात तेच १०८९ सीसीचं, आणि मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्स्या पद्मिनी होत्या त्यामुळे पद्मिनीचं तयार इंजिन मिळायला कधीच अडचण नव्हती. जुनं इंजिन धूर मारायला लागलं की बोअर करत बसण्यापेक्षा दुसरं उचलून बसवलं, आरसीत नोंद करायला कोणी गेलं नाही. तुमचंपण तसंच झालं असणार. म्हणून इंजिनावरून गाडी ओळखू नका. इंजिनावर किंवा प्लेटवर १०३ दिसलं तर ते वर्ष नाही, सीसी नाही, फियाटचा या सगळ्या गाड्यांसाठीचा टाइप नंबर आहे, त्यामुळे त्यावरूनही साल काढू नका.

गाडीची खरी ओळख म्हणजे बॉडीवर ठोकलेला चेसिस नंबर. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, त्यामुळे नंबर पत्र्यावरच असतो, बॉनेट उघडून इंजिन आणि डॅशच्या मधला जो पत्रा आहे तिथे शोधा. त्यावर ऑइल, धूळ आणि जुन्या रंगाचे थर असणार. वायर ब्रश मारू नका. ग्राइंडर तर लांबच. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं ठेवा, थोड्या वेळाने हलक्या हाताने पुसा, परत ठेवा. आकडे दिसायला लागले की पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, आरटीओत आणि विम्यासाठी जसा चेसिस प्रिंट घेतात तसाच. फोटोपण काढा, बॅटरीचा उजेड बाजूने टाकून, समोरून फ्लॅश मारला तर ठोकलेले आकडे सपाट दिसतात. ३ आणि ८, १ आणि ७ यात जुन्या बुकात लिहिताना चुका झालेल्या असतात म्हणून छाप आणि बुक शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवा.

आणि म्हणूनच डेंटरला थांबवा म्हणालो. पत्रा मोकळा करताना तो नंबरवर बफिंग करणार, वरून पुट्टी भरणार, आणि एकदा नंबर बुजला की गाडी कागदोपत्री कोणाचीच राहत नाही. आरटीओतला माणूस नंबर घासलेला बघतो तेव्हा त्याला पहिली शंका चोरीची येते, आणि त्याचं चूक नाही. ॲल्युमिनियमची प्लेट रिवेटने लावलेली असेल तर रिवेट ड्रिल करू नका, जागच्या जागी मास्किंग टेप लावून झाका. बाजारात नवीन छापलेल्या प्लेटा मिळतात, कितीही सुंदर दिसल्या तरी घेऊ नका, जुनी वाकडी प्लेट हा पुरावा आहे, नवी प्लेट संशय आहे.

रंगाचंपण तेच. मूळ रंग कुठला होता हे वरच्या रंगावरून कळत नाही. डॅशच्या खाली, डिकीच्या आत स्टेपनीच्या मागे, दरवाजाच्या रबराखाली अशा जागी बघा, तिथे दुसऱ्यांदा रंग मारणाऱ्याचा हात पोचलेला नसतो. एखाद्या झाकलेल्या जागी नाण्याएवढा भाग पाण्याच्या पॉलिशपेपरने हळूहळू घासा, एकेक थर गोल गोल कडांसारखा दिसत जाईल, सगळ्यात आत प्रायमर आणि त्याच्यावरचा पहिला रंग म्हणजे कारखान्यातला. फोटो काढून ठेवा. सीटचंही तसंच, वरची कव्हरं काढल्यावर खिळ्यांच्या खाली मूळ रेक्झिनचा तुकडा बऱ्याचदा अडकलेला असतो, तो पाकिटात घालून जपा.

अजून एक सांगतो, छोट्या पार्टवरचे शिक्के वाचा. डायनॅमोवर, स्टार्टरवर लुकास-टीव्हीएस असं असेल तर तो भाग १९६१ च्या आधीचा असूच शकत नाही कारण ती कंपनीच १९६१ मध्ये सुरू झाली. नुसतं लुकास आणि मेड इन इंग्लंड असेल तर जुना असू शकतो. एका पार्टवरून निष्कर्ष काढू नका पण दहा पार्ट वहीत लिहिले की गाडीत काय काय बदललं गेलं आणि केव्हा याचा अंदाज यायला लागतो. ती वही मला तुमच्या नव्या रंगापेक्षा मोलाची वाटते, कारण रंग परत मारता येईल.

गाडी सुपर सिलेक्ट निघाली तर एक लक्षात ठेवा, इंजिनाचे बरेचसे पार्ट पद्मिनीचे चालतील पण दरवाजे, काचा, काचेची रबरं, बंपर, दिवे नाही चालणार. डेंटरने कुजका दरवाजा भंगारात टाकला तर तसा दुसरा शोधता शोधता तुमची वर्षं जातील. कुजलेला भागसुद्धा सांभाळून ठेवा, निदान नमुना म्हणून.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्याकडे पणजोबांची डॉज आहे. बॉनेटवर मेंढ्याचं डोकं आहे पण एका मेकॅनिकने सांगितलं की ही प्लायमाउथ आहे, डॉजचा फक्त मुखवटा लावलाय, कोणीतरी तुम्हाला फसवलंय. घरात सांगतात की गाडी महाराजांच्या ताफ्यात होती. सध्या आत पर्किन्स डिझेल इंजिन आहे. अमेरिकेतून पार्ट मागवायचेत, डॉजचे मागवू का प्लायमाउथचे?

उत्तर: मेकॅनिकने बरोबर ओळखलंय पण फसवणूक कोणी केलेली नाही. क्रायसलर कंपनीने अमेरिकेबाहेर विकायला अशाच गाड्या बनवल्या होत्या, बॉडी प्लायमाउथची आणि तोंड, बॅज, बॉनेटवरचा मेंढा डॉजचा, हिचं नाव डॉज किंग्सवे. तीच प्लायमाउथ डिसोटोचं तोंड लावून डिसोटो डिप्लोमॅट म्हणूनपण विकली जायची. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७ पासून डॉज, डिसोटो, प्लायमाउथ या तिन्ही नावांनी गाड्या जोडल्या जात होत्या, त्यामुळे महाराष्ट्रात ही मंडळी बरीच फिरली. तेव्हा तुमची डॉज खरी डॉजच आहे, फक्त अमेरिकेतल्या त्याच सालच्या डॉजची बहीण नसून प्लायमाउथची आहे. बॉडीचे पार्ट, काचा, रबरं, दरवाजाची हँडलं प्लायमाउथची बघा, पुढची जाळी आणि बॅज मात्र किंग्सवेचेच लागतील आणि ते अमेरिकेतल्या नेहमीच्या दुकानात मिळायचे नाहीत, ते ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडातल्या क्लबांकडे विचारा, तिकडेही अशाच गाड्या गेल्या होत्या. हे ओळखल्याशिवाय "१९५२ डॉज" एवढं सांगून ऑर्डर दिली तर आलेला अर्धा माल बसणार नाही आणि परत पाठवायचा खर्च मालाइतकाच.

साल शोधायला आधी पुढच्या दरवाजाच्या बिजागरीच्या खांबावरची प्लेट बघा, मग चेसिस. आणि मूळ इंजिन कुठे गेलं ते घरात विचारा. डिझेल बसवताना काढलेलं पेट्रोल इंजिन बऱ्याचदा विकलेलंच नसतं, शेडमध्ये पोत्यांखाली पडलेलं असतं, जड असतं म्हणून कोणी हलवत नाही. सापडलं तर ते सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड (म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, हेड, सपाट असलेलं) असणार, ब्लॉकच्या डाव्या अंगाला डायनॅमोच्या वरच्या बाजूला एक सपाट पट्टी असते तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. पी-१५ ने सुरू झाला तर १९४६ ते ४८ चं प्लायमाउथ, पी-२२ किंवा पी-२३ असेल तर १९५१-५२. डी ने सुरू होणारे नंबर डॉजचे. शिवाय टेप घेऊन हेडची लांबी मोजा, साधारण साडेतेवीस इंच असेल तर अमेरिकेतल्या प्लायमाउथ-डॉजचं छोटं ब्लॉक, पंचवीस इंच असेल तर मोठं ब्लॉक, म्हणजे डिसोटो-क्रायसलरचं किंवा कॅनडात बनलेलं. गॅस्केट, पिस्टन मागवताना हा दीड इंच फार महत्त्वाचा आहे, एकाचं हेड गॅस्केट दुसऱ्याला बसत नाही.

दोन गोष्टी हात लावायच्या आधी. या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. गॅरेजमधला पोरगा नेहमीच्या दिशेने पाइप लावून जोर देणार आणि बोल्ट तुटणार, म्हणजे ज्याला सोडवतोय समजत होता त्याला तो आवळत होता. आणि मूळची वायरिंग ६ व्होल्टची, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. डिझेल इंजिन बसवताना कोणीतरी १२ व्होल्ट केलं असणार, पण मीटर, पेट्रोलचा काटा, घड्याळ मूळचे असतील तर ते तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

महाराजांच्या ताफ्याचं. मला अशा गोष्टी ऐकायला आवडतात आणि कोल्हापुरात त्यातल्या काही खऱ्याही असतात, पण कागदाशिवाय त्या कोणाला सांगू नका, विकताना तर नाहीच. गाडीचं साल हाच इथे पहिला साक्षीदार आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्यामुळे गाडी १९५१-५२ ची निघाली तर ती संस्थानच्या सरकारी ताफ्यात असणं शक्य नाही, राजघराण्यातल्या कोणाच्या खासगी मालकीची असू शकते, आणि ते आरसी बुकातल्या आधीच्या मालकाच्या नावावरून कळेल. १९४७-४८ ची निघाली तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाऊन संस्थानची कागदपत्रं बघायला हरकत नाही. पणजोबांनी ती कोणाकडून घेतली, पावती आहे का, एवढं आधी शोधा.

प्रश्न (रत्नागिरी): आत्याकडून छोटी गाडी आलीये. सगळे मॉरिस मायनर म्हणतात पण समोर हिंदुस्थान असा बॅज आहे. पुढची काच दोन तुकड्यांची आहे, हेडलाइट मडगार्डमध्ये वर आहेत. बॅज काढून मॉरिसचा लावावा का?

उत्तर: अजिबात काढू नका! ती बेबी हिंदुस्थान आहे, हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनवलेली मॉरिस मायनर, आणि तो बॅज हीच तिची खासियत आहे. मॉरिसचा बॅज लावलात तर आपल्या देशातल्या मोटारींच्या इतिहासातली एक गाडी कमी होईल आणि इंग्लंडमध्ये लाखोंनी बनलेल्या गाडीची एक नक्कल वाढेल.

ओळखीपुरतं सांगतो. अलेक इसिगोनिसने डिझाइन केलेली मायनर १९४८ ला आली तेव्हा हेडलाइट खाली जाळीत होते, १९५० च्या आसपास ते वर मडगार्डमध्ये गेले. दोन तुकड्यांची काच १९५६ पर्यंत, मग एक अखंड काच. म्हणजे तुमची मधल्या काळातली. त्यापुढचं काय ते इंजिन सांगेल. बॉनेट उघडा, हेड सपाट असेल आणि प्लग वरून उभे बसवलेले असतील तर ते ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह, म्हणजे आधीचं. वर पत्र्याचं रॉकर कव्हर आणि प्लग बाजूने असतील तर ए-सिरीज, ते मायनरला १९५२ पासून यायला लागलं, आधी ८०३ सीसी, मग ९४८. ब्लॉकवर ९४८ लिहिलेलं आणि काच मात्र दोन तुकड्यांची असं असेल तर इंजिन नंतर बदललंय समजा.

इंग्लंडमध्ये पूर्ण बांधून इकडे आलेली मॉरिस असती तर गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून कारखान्याच्या नोंदीवरून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा असं सांगितलं असतं. उत्तरपाड्याच्या गाडीसाठी तुमचा भर गाडीवरच्या प्लेटा आणि आत्याच्या घरातल्या कागदांवरच राहणार. तुमच्याकडे समुद्राची हवा आहे त्यामुळे फ्लोअर आणि दरवाजाखालची पट्टी आधी बघा, स्क्रूड्रायव्हरने हलकं टोचलं की कळतं. पण टोचताना नंबरच्या प्लेटपासून लांब.

प्रश्न (दुबई): आजोबांची १९६८ ची ॲम्बेसेडर नाशिकला आहे, आरसी अजून आजोबांच्याच नावावर, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही तिघे भावंडं. धाकट्याला मोठं इंजिन, पॉवर स्टेअरिंग, एसी घालून रोज वापरायला गाडी हवीये, मला ती व्हिंटेज म्हणून नोंदवायचीये. दोन्ही होईल का?

उत्तर: दोन्ही नाही होणार, आणि हे आधी ठरवा कारण एकदा कापाकापी झाली की दुसरा रस्ता बंद.

२०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. तुमची १९६८ ची वयात बसते. अशा गाडीचा जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो, नवीन दिला तर राज्याच्या कोडनंतर व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, सर्टिफिकेट दहा वर्षांचं. पण अट अशी की ही गाडी रोजच्या वापराला नाही चालत, धंद्याला तर नाहीच. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी रस्त्यावर काढायची. धाकट्या भावाला रोज ऑफिसला न्यायचीये आणि वर इंजिन बदलायचंय, म्हणजे दोन्ही बाजूंनी अडचण.

त्याच्याही आधी गाडी कोणाच्या तरी नावावर करा. मालक गेल्यावर वारसाने आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं असा नियम आहे, तुमचा उशीर झालाय तर दंड भरावा लागेल, मृत्यूचा दाखला, वारस दाखला, तिघांपैकी एकाच्या नावावर करायला बाकी दोघांची लेखी संमती तयार ठेवा. दुबईहून संमती पाठवणार असाल तर ती साध्या मेलवर चालत नाही, नाशिकच्या आरटीओत आधी विचारून तसं नोटरी वगैरे करून घ्या. नाव लागल्याशिवाय गॅरेजमध्ये एक रुपया घालू नका असं मी तिघांनाही सांगेन, कारण खर्च एकाने केला आणि गाडी तिघांची राहिली की पुढे काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

ओळखीचं बोलायचं तर १९६८ म्हणजे मार्क टू असायला हवी, मार्क थ्री १९७५ च्या सुमाराला आली आणि मार्क फोर १९७९ ला. पण ॲम्बेसेडरचं शरीर १९५७ पासून २०१४ पर्यंत फार कमी बदललं त्यामुळे पुढची जाळी, बंपर, दिवे बदलून लोकांनी जुन्या गाडीला नवं रूप दिलं, आणि उलटंही केलं. तुमच्या गाडीला मार्क फोरचं तोंड असेल तर आजोबांनी कधीतरी हौसेने बदललेलं असेल. मूळ जाळी माळ्यावर आहे का बघायला सांगा. इंजिन १४८९ सीसीचं पेट्रोल असायला हवं, डिझेल निघालं तर बुकात इंधन काय लिहिलंय ते बघा. व्हिंटेजसाठी गाडी तपासतात तेव्हा हे सगळं विचारलं जाणार.

भाऊ ऐकतच नसेल तर त्याला एक सुचवा, नंतरच्या सालची साधी ॲम्बेसेडर अजूनही मिळते, त्यात हवं ते करू दे.

प्रश्न (नागपूर): जुनी गाडी ओळखायच्या आधी इंजिन सुरू तरी होतंय का बघावं असं वाटतं. बॅटरी लावून सेल मारला तर चालेल ना?

उत्तर: नका मारू. पंधरा-वीस वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, सेल मारला की रिंग तुटते किंवा स्टार्टरचे दात जातात, आणि मूळ इंजिन ज्याच्यावर मूळ नंबर आहे तेच तुम्ही स्वतःच्या हाताने घालवता. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा, चार-सहा दिवस राहू द्या, रोज थोडं घाला. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागून हळूच पुढे-मागे हलवा किंवा हँडल असेल तर हाताने फिरवा, जोर नाही लावायचा. फिरलं तर उत्तम, नाही फिरलं तर अजून थांबा. तोवर जुनं पेट्रोल टाकीतून काढून टाका, त्याला व्हार्निशसारखा वास येत असेल तर टाकी आणि पाइप धुतल्याशिवाय कार्बोरेटरपर्यंत काही जाऊ देऊ नका. ऑइल बदला, रेडिएटरचं पाणी बघा. उंदरांनी वायरिंग खाल्लेलं असतंच, ते बघितल्याशिवाय बॅटरी नाही, आणि बॅटरी घ्यायच्या आधी गाडी ६ व्होल्टची का १२ ची आणि अर्थ कुठल्या टोकाला आहे ते डायनॅमोवर आणि बॅटरीच्या जुन्या वायरवर वाचून घ्या. हे सगळं होईपर्यंत आठवडा जाईल, तेवढ्यात चेसिसचा छाप घेऊन होतो, पार्टांची यादी होते, अल्बम बघून होतात. छाप, प्लेटांचे फोटो आणि बुकाची सगळी पानं पाठवलीत तर पुढच्या वेळी गाडी कुठली ते सांगू शकेन, नुसता समोरून काढलेला फोटो पाठवू नका, मागून आणि दरवाजे उघडे ठेवून काढलेलाही पाठवा.